माउंटखालची बोटं

फ्रेमवाले, तुम्हीच "लिहा, पण नाव नको," म्हणालात, म्हणून तुमचं नाव गाळलंय. बाकी काही गाळत नाही. वाचून राग आला तर या, चहा टाकते.

तर फ्रेमवाल्याकडे रसिक मंडळाने बारा चित्रं पाठवली. चित्रकार नुकताच वारलेला. हयातीत तो दोनदा वेड्यांच्या इस्पितळात जाऊन आला, तेव्हा मंडळातले हेच लोक त्याला पाहून रस्ता ओलांडत. मेल्यावर थोर झाला. फ्रेमी सगळ्या एकाच मापाच्या हव्या होत्या. मेजवानीचं एक चित्र तेवढं जरा रुंद निघालं. फ्रेमवाल्याने हाताच्या सवयीने माउंट, म्हणजे काचेखालची पुठ्ठ्याची चौकट, सरकवून कड झाकून टाकली.

प्रदर्शनात अध्यक्ष नेमके त्याच चित्रापुढे थांबले. "उजवीकडची ही रिकामी भिंत पाहा. माणसाच्या मनातली पोकळी!" मंडळींनी माना डोलावल्या.

"पोकळी कसली, साहेब," फ्रेमवाला मागून म्हणाला. "तिथे दार आहे, किलकिलं. ते धरलेली चार बोटं आहेत. माझ्या माउंटखाली गेली."

"राहू द्या आता," अध्यक्ष हसले. "पुस्तिकेत पोकळी छापून झालीय."

घरी साडू सहकुटुंब आलेले. बायकोने नेहमीप्रमाणे थोरल्या दिरांना आतल्या खोलीत बसवलं होतं. डोकं ठिकाणावर नसलेला माणूस चारचौघांत नको. फ्रेमवाला चपला काढतोय तोच आतल्या दाराच्या कडेला चार बोटं दिसली. वीस वर्षं ती तिथेच होती. त्याने पाहिली आज.

"पाहुणे गेले का रे?" दादाने आतून हळूच विचारलं.

"नाही गेले. तू बाहेर ये."

"अहो, काय हे!" बायको कुजबुजली.

साडू खुर्ची घेऊन सरकला, जरुरीपेक्षा जास्तच. दादाने दोन बिस्किटं खाल्ली, दोन खिशात टाकली. मग साडूला म्हणाला, "तुम्ही फार मोठ्याने बोलता. आत सगळं ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी, फ्रेमवाले, तुम्ही माझ्याकडे आलात. "बाई, मंडळाला अर्ज लिहा. ती फ्रेम मला उघडू द्या म्हणावं, बोटं मोकळी करतो. आणि सोबत चला, एकट्याला दारातूनच परत पाठवतील."

अर्ज लिहिला. सोमवारी जायचं ठरलं. तुम्हाला गिऱ्हाईक आलं. पुढच्या सोमवारी माझ्या गुडघ्याने दगा दिला. तोवर प्रदर्शन उठलं. अर्ज माझ्या टेबलाच्या खणात आहे, तुमच्या सहीसकट.