त्या उन्हाळ्यात बुडव्याने होडी बुडवली नाही

आमच्या दादाला सगळा काठ 'बुडव्या' म्हणतो. होडी चालवणाऱ्या माणसाचं हे नाव! नवा उतारू ते ऐकायचा आणि एक पाय काठावरच ठेवून विचारायचा, "पोचवतील ना हो हे?"

पण नाव काही उगाच पडलं नव्हतं. उन्हाळ्यात नदी आटून फेऱ्या बंद झाल्या की बाकीचे आपापल्या होड्या काठावर ओढून वर ताडपत्री टाकत. दादा मात्र होडीत दगड भरायचा आणि डोहात, कमरेइतक्या पाण्यात, तिला चक्क बुडवून ठेवायचा. लाकूड पाण्यात राहिलं की फुगलेलं राहतं, फळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. उन्हात सुकलं की आक्रसतं आणि सांधे उघडतात. ताडपत्रीखाली सावली नाही, भट्टी असते, असं त्याचं म्हणणं. आणि होतंही खरं. वडिलांच्या हातची होडी, पण अजून ठणठणीत होती.

घरच्या माणसांची एवढी काळजी त्याने कधी घेतली नाही. वहिनी तापाने फणफणली होती तेव्हा हा डोहावर, होडीची कड पाण्याबाहेर तर आली नाही ना ते बघायला! नवरा गेल्यावर मी दादाच्याच घरी राहायला आले, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तरी तोंड मिटून राहिले. त्या एका होडीवर दोन घरांच्या चुली पेटत होत्या, दादाची आणि आमच्या धाकट्या भावाची.

धाकट्याला दगड भरायचे नि चिखल उपसायचा, याचा मनापासून कंटाळा. त्या वर्षी दादा वहिनीला घेऊन तिच्या माहेरी गेला, तेवढ्यात, होडी बुडवायच्या आधीच, याने चार माणसं गोळा करून होडी वर काढली, काठावर पालथी घातली आणि बाहेरून झकपक निळा ऑइलपेंट मारला. या रंगापुढे उन्हाचं काही चालत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे. दुकानदाराचं काय जातंय!

दादा परत आला तो तडक काठावर.

"कुणाला विचारून काढलीस?"

"विचारायचं काय त्यात? निम्मी माझी आहे."

"मग आता तूच ठेव परत पाण्यात."

"नाही ठेवत. आत्ताच रंग दिलाय."

दादाने घरी येऊन हातपाय धुतले आणि जाहीर केलं, "तो इथे येऊन 'दादा, चुकलो' म्हणू दे. तोवर मी तिला बोट लावणार नाही."

आणि नाही लावलं हो! ऊन नुसती आग ओकत होतं. आधी रंगाला पोपडे आले, मग सांध्यांतून उजेड दिसायला लागला. धाकट्याचा चेहरा उतरला. एकदा दारापर्यंत आला, मला उगाच "वहिनी बरी आहे ना?" असं विचारलं आणि गेला. मी मागे धावले. "अरे बाबा, म्हणून टाक ना एकदा! तुझं काय झिजणार आहे?"

"दर वेळी मीच का? त्याने कधी मला कशात विचारलंय?"

दादाला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "त्याला कळू दे."

शेवटी मीच गोणपाटं भिजवून दुपारी, दादा झोपला की, होडीवर टाकायला लागले. बादल्या वाहून हात भरून यायचे. एक दिवस दादा मागे येऊन उभा. मला वाटलं, आता लाजेल, बादली हातातून घेईल. त्याने एकेक गोणपाट ओढून काढलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. "तू मधे पडू नकोस."

नदीला पाणी यायच्या सुमारास धाकटा धापा टाकत घरात शिरला. पायात चप्पल नाही. तळाची मधली फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरली होती. "दादा, चुकलो. हजारदा चुकलो. चल, उचलू या."

दादा ताडकन उठला. याचीच तर वाट बघत होता! दोघांनी मिळून होडी डोहात नेली, दगड भरले. फुगेल, मिटेल, म्हणून आम्ही सगळे रोज जाऊन बघत होतो. सांधे मिटलेही. मग सुताराला आणलं. त्याने होडी वर घ्यायला लावली आणि तळावर हात फिरवून मान हलवली. "सांधा मिटतो, चीर नाही मिटत. आणि ही फळी काढायला गेलो तर बाकीच्या धरणार नाहीत. सुकून पार पापड झाल्यात."

धाकटा तिथेच चिखलात बसला, लहान पोरासारखा हुंदके देत. दादाने टॉवेलला हात पुसले. आणि देवाशप्पथ सांगते, त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. होडी उघडी टाकली त्याचा आला नव्हता, एवढा राग मला त्याच्या त्या चेहऱ्याचा आला.

"बघितलंस?" तो मला म्हणाला. "मी म्हणत होतो की नाही?"

"हो रे दादा, तूच खरा," मी म्हटलं. "आता नदी भरली की त्या खरेपणात बस, आणि ने उतारू पलीकडे."