टप चढवायला दोघं लागतात

फिटर आणि त्याची वहिनी यांचं बोलणं बंद झालं ते गाडीवरून. त्याआधीही फार गोडीगुलाबी होती असं नाही, पण जेवायला निदान हाक मारली जायची. आता ताट झाकून ठेवलं जातं आणि जे काही सुनावायचं ते भिंतीला सुनावलं जातं.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, इंग्रजी बनावटीची, कापडी टपाची. तसल्या गाड्या मुळात मोजक्याच बनल्या होत्या. थोरल्या भावाने ती भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवली, तेव्हा मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. पैसा भावाचा, हात फिटरचे. बस डेपोतली नोकरी सांभाळून त्याने पत्र्याखालचा कुजलेला लाकडी सांगाडा तुकड्यातुकड्याने बदलला. टपाच्या कमानी वाफेवर वाकवून बसवल्या. मागची चारदा मोडली. भाऊ स्टुलावर बसून सूचना करायचा. गेल्या वर्षी तो वारला आणि कागदोपत्री गाडी वहिनीची झाली.

वहिनीला शेड मोकळी हवी होती. या पत्र्याने माझ्या संसाराची वर्षं खाल्ली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. गाडी न्यायची तर माझ्या मढ्यावरून न्या, असं फिटरने बजावलं. तेही चालेल, असं वहिनीने शेजारणीमार्फत कळवलं.

फिटरने दोन गिऱ्हाइकं पिटाळली. पहिल्याच्या वेळी शेडची किल्ली हरवली. दुसऱ्यासमोर इंजिनाने हूं की चूं केलं नाही. का, ते फिटरलाच ठाऊक. तिसऱ्या खेपेला वहिनीने किल्ल्या आपल्या पर्समध्ये टाकल्या आणि शेजाऱ्याच्या ड्रायव्हरकडून गाडी सकाळीच अंगणात काढून घेतली.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे बर्फाच्या कारखान्याचा मालक. त्याने गाडीखाली आडवं होऊन पाहिलं, फाटकापर्यंत चालवून आणली, आणि मग म्हणाला की टप चढवून दाखवा. मागे एकाने त्याला नुसता शोभेचा टप गळ्यात मारला होता.

हा टप चढवायला दोन बाजूंनी दोघं लागतात. एकट्याने ओढला तर कमानी पिळतात. आजवर ती दोघं म्हणजे फिटर आणि त्याचा भाऊ.

"भाऊजी, त्या बाजूला या," वहिनी म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती त्याच्याशी थेट बोलली.

"कंबर धरलीय माझी," फिटर स्टूल ओढून बसला. "आणि माझं काय काम? मालकीणबाई आहेत की."

वहिनीने बाह्या सारल्या आणि बर्फवाल्याला पलीकडे उभं केलं. भावांना तिने उंबऱ्यातून कितीदा तरी पाहिलं होतं. पुढच्या दोन कमानी अगदी बरोबर उभ्या राहिल्या. फिटरचं तोंड आंबट झालं.

मागची कमान ओढण्याआधी तिच्या बुडाचा पट्टा सैल करावा लागतो. ते काम वहिनीचा नवरा न बघता, बोलता बोलता करायचा, म्हणून तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. फिटरच्या लक्षात होतं. आणखी एक हिसका बसला की लाकूड फाटणार, आणि सौदाही. त्याला फक्त बसून राहायचं होतं.

बर्फवाल्याने जोर लावला. लाकूड करकरलं.

"हात काढा. आधी मागचा पट्टा सोडा," फिटर उठलाच होता. "चार कमानी मोडून ही एक झालीय, वहिनी. तुमच्या बापाने दिली असती का करून?"

"माझा बाप तमाशा बघत बसला नसता."

फिटरने पट्टा सोडला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. एकमेकांकडे न बघता दोघांनी टप पुढे आणून काचेच्या चौकटीत अडकवला. बर्फवाल्याने कापडावर थाप मारून पाहिली आणि बॉनेटवरच कागद पसरले. सह्या झाल्या.

निघताना त्याने विचारलं, उतरवायचा कसा?

"भाऊजी सांगतील," वहिनी म्हणाली.

फिटरने फडक्याला हात पुसले. "उतरवायचाच नाही. लाकूड ताण सोसत नाही. उतरवलात आणि मोडलं, तर माझ्या दारात येऊ नका."

हे धादांत खोटं होतं. भाऊ असताना तो टप छत्रीसारखा खालीवर व्हायचा, आणि ते वहिनीने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने फिटरकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे.

"ते सांगतात तर नका उतरवू," ती म्हणाली.

बर्फवाल्याने मान डोलवली. छान ऊन पडलं होतं. उघड्या मोटारीची हौस असलेला तो माणूस टपाखाली डोकं वाकवून बसला आणि गाडी घेऊन गेला.

"शेड झाडून ठेवा," वहिनीने भिंतीला सांगितलं.