बाबांचं गाणं बहिणीने गायलं तेव्हा

उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या त्या कार्यक्रमाला बाबांना नेऊ नये, असं मला आठवडाभर वाटत होतं. पण कारण सांगता येत नव्हतं. एक सांगायला गेलो असतो, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले, पण आमच्या वस्त्यांमध्ये त्यांची ओळख गायक म्हणून. जयंतीला, लग्नात, नामकरणाला त्यांची पार्टी गायची आणि पेटीवर मी असायचो. त्यांनी स्वतः बांधलेलं एक गाणं आमच्याकडच्या लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. ते त्यांच्या आईवर होतं. आजी काडेपेटीच्या कारखान्यात डब्या भरायची. ‘माझ्या मायच्या बोटांना गंधकाचा वास’, अशी त्याची सुरुवात. उल्हासनगरात साड्यांच्या दुकानाच्या वर एका सिंधी गृहस्थाचा स्टुडिओ होता, तिथे त्याची कॅसेट निघाली होती. ढोलकी, बेंजो, मागे कोरस. ठेका असा की बसलेला माणूस उठून नाचायचा.

माझी धाकटी बहीण बदलापूरला राहते, नर्स आहे. एका रविवारी दुपारी तिने मला पेटी घेऊन बोलावलं. म्हणाली, “दादा, बाबांचं गाणं मला माझ्या पद्धतीने म्हणून बघायचंय.” पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, रेकॉर्डिंगसाठी मोबाईल कपाला टेकवून ठेवला आणि ती गायला लागली. अगदी हळू. रात्रपाळीत पेशंटच्या उशाशी बसून बोलावं, तशी.

मी भाता दाबत होतो आणि माझ्या अंगावर काटा येत होता. हे गाणं मी शेकडो वेळा वाजवलं होतं, पण त्यातले शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. आजी मला दिसली. बहिणीचं गाणं संपलं आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बाबांच्या पुढे गेली. दुसरा विचार आला तो भीतीचा.

“बाबांना तू सांग,” ती म्हणाली.

“मी कशाला? गायलीस तू.”

“वाजवलंस तू.”

शेवटी कुणीच सांगितलं नाही. तिने गाणं मोबाईलवरून ग्रुपवर टाकलं आणि चार-पाच महिन्यांत ते आमच्या सगळ्या वस्त्यांमध्ये पोचलं. विहारात बायका ते म्हणू लागल्या. कल्याणला रिक्षात ऐकू आलं, तेव्हा मी मधेच उतरलो. बाबांकडे साधा बटणांचा फोन होता, आणि रिटायर झाल्यापासून त्यांचं बाहेर जाणंही कमी झालं होतं. एवढाच काय तो आमचा आडोसा.

कॅम्प चारमधल्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाबा पांढरा सदरा घालून स्टेजवर उभे राहिले. दोन गाणी झाली. मग समोरूनच फर्माईश आली, मायचं गाणं म्हणा. बाबा खूश झाले. ढोलकीवाल्याला त्यांनी खूण केली आणि नेहमीच्या जोरात पहिली ओळ उचलली.

समोर बसलेल्या बायकांनीही उचलली. पण हळू. डोळे मिटून, माझ्या बहिणीच्या चालीत.

बाबा ओळीच्या शेवटाला पोचले, तेव्हा त्या अर्ध्यावर होत्या. टाळ्या एकीकडे, ढोलकी दुसरीकडे. बाबांना वाटलं माईक नीट नाही. त्यांनी आवाज चढवला. बायका आणखीच मागे पडल्या. पुढच्या रांगेतली एक बाई अगदी आपुलकीने म्हणाली, “काका, हळू म्हणा ना! ते मोबाईलमधलं आहे तसं!”

बाबांनी हात वर करून ढोलकी थांबवली आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

“मोबाईलमधलं कुठलं?”

माझी बोटं पट्ट्यांवरच होती. मी म्हणालो, “बाबा, आता म्हणून घ्या. मग सांगतो.”

ते वळले आणि त्यांनी गाणं पुढे नेलं. तिसरं कडवं संपलं तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं संपलं असं लोकांना वाटलं, मोबाईलमधलं तिथेच संपायचं. बाबांचं गाणं चार कडव्यांचं होतं. चौथं कडवं ते एकटेच गायले, लोक उठत असताना.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर खुर्ची खिडकीजवळ ओढून बसले होते.

“लाव,” म्हणाले.

मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरला. पहिल्या ओळीलाच त्यांनी मुलीचा आवाज ओळखला असणार, पण चेहरा हलला नाही. पूर्ण ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, “पेटी तुझी आहे.”

“हो.”

“चल बदलापूरला.”

मी स्कूटर काढली. मागे बसलेल्या बाबांचा हात माझ्या खांद्यावर नव्हता, नेहमी असतो. बहिणीने दार उघडलं आणि आम्हाला दोघांना बघून तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ड्युटीवरून नुकतीच आली होती, युनिफॉर्म अंगावरच होता.

बाबा बसले नाहीत. “चाल बदललीस, ठेका काढून टाकलास. ते राहू दे. चौथं कडवं कुठंय?”

तिने खांद्यावरची पर्स काढून खुर्चीवर ठेवली.

“विसरलीस?”

“नाही बाबा. मुद्दाम सोडलं.”

“का?”

मला वाटलं, ही आता काहीतरी सारवासारव करेल. पण ती त्यांच्याकडे सरळ बघून म्हणाली, “त्या कडव्यात आजी नाहीये. तुम्ही आहात. माय म्हणते, माझा लेक मोठा झाला, त्याचं नाव झालं. आजी असं कधी म्हणाली होती का?”

इतकं उघड बाबांशी घरात कुणी बोललेलं मला आठवत नाही. ते गॅलरीत गेले. आम्ही दोघं आत उभे. मी तिला खुणेने म्हटलं, माफी माग. तिने मानेनेच नाही म्हटलं.

बाबा आत आले, पाणी मागितलं, सगळा ग्लास संपवला.

“नव्हती म्हणाली,” ते म्हणाले. “तिने माझं गाणं कधी ऐकलंच नाही. कॅसेट निघायच्या आधीच गेली. म्हणून मीच तिच्या तोंडी ते घातलं.”

मग खाली बसले आणि तिला म्हणाले, “म्हण.” मी पेटी आणली नव्हती. ती तशीच गायली, दारातल्या चपलांकडे बघत. बाबांनी मध्येच सोबत गायला सुरुवात केली, पण त्यांचा गळा पुढे पळत होता. ती थांबली आणि म्हणाली, “बाबा, धावू नका.” ते चिडले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा पळाले. तिसऱ्या वेळी हात जोडून हसले आणि म्हणाले, “जमत नाही गं मला. तुझं माझ्यापेक्षा चांगलंय. तूच म्हणत जा.”

हे म्हणताना त्यांना किती जड जात असेल ते मी बघत होतो. हसू होतं, पण डोळे तिच्याकडे नव्हते.

त्यानंतर बाबांनी ते गाणं स्टेजवर म्हटलं नाही. कुणी फर्माईश केली, तर बहिणीला पुढे करतात आणि स्वतः खाली खुर्चीत बसतात. आपल्या जुन्या गाण्यांच्या वह्या त्यांनी तिच्याकडे दिल्यात. परवा तिने फोनवर त्या वह्यांमधल्या एका गाण्याबद्दल सांगितलं, “बाबा, ह्यात काही दम नाही.” बाबांनी फोन ठेवून दिला. दोन दिवस झालेत, अजून तिच्याशी बोललेले नाहीत.