चवीची वही

आमच्या घरात मिठावरून जितकी भांडणं झाली, तितकी माझ्या माहेरावरूनही झाली नसतील. माझे यजमान केळझरच्या पलीकडे एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. म्हणजे शिपाई, बाबू, मास्तर सगळं तेच. चार वर्ग आणि ते एकटे. मी सेलूला एका कार्यालयात लिपिक. सकाळी दोघांचे डबे मीच करायची, आणि त्या डब्यातली भाजी गेल्या दोन वर्षांत त्यांना कधी पसंत पडली नाही.

"आज पुन्हा मीठ टाकलं नाई वाटते."

"टाकलं. जीभ दाखवा एखाद्या डॉक्टरले," मी म्हणायची. माझं तोंड फटकळच आहे.

शाळेचा पट घसरत चालला होता. आणखी दोन-चार पोरं कमी झाली की शाळा बंद, असं दर महिन्याला कोणी ना कोणी त्यांना ऐकवायचं. पंधरा वर्षं सांभाळलेली शाळा. शिवाय तो मोबाईल. किती पोरं जेवली, त्याचा फोटो, कसलं तरी सर्वेक्षण, आत्ताच्या आत्ता पाठवा. गावात रेंज नाही, म्हणून हा पन्नाशी उलटलेला माणूस पाण्याच्या टाकीवर चढून माहिती भरायचा. मेसेजचा आवाज आला की त्यांचे खांदे वर चढायचे. माझा फोन वाजला तरी. छातीत जळजळ, मान आखडलेली, झोप तुटक. बीपीची गोळी लागली होती, तीही घ्यायला विसरायचे. पोरांवर कधी आवाज न चढवलेला माणूस घरी दाराच्या कडीवर चिडायचा. मला वाटायचं, मास्तरकी डोक्यात गेली.

शेवटी कटकट नको म्हणून मी भाजीत दीडपट मीठ टाकू लागले. माझी भाजी आधीच वेगळी काढून ठेवायची. घरात शांतता झाली, आणि मी स्वतःवर खूश झाले.

शाळेतल्या खिचडीचा एक नियम असतो. पोरांना वाढण्याआधी मुख्याध्यापकाने स्वतः खाऊन पाहायची आणि वहीत चवीचा शेरा लिहून सही करायची. एकदा बाजारात त्यांच्या शाळेतली स्वयंपाकीण बाई भेटली. वांगी निवडता निवडता म्हणाली, "मॅडम, परवा खिचडीत मीठ टाकाचं राहून गेलतं. सरनं चव घेतली अन् वहीत लिवलं, चव चांगली आहे. मी जेवाले बसली तवा समजलं मले."

"अन् पोरं?"

"पोरायनं मुकाट्यानं खाल्ली. एका पोरीले इचारलं, काऊन बोलली नाई व? तर म्हणे, सरनं आधी खाल्ली ना." बाई हसत नव्हती. "सरले दाखवून द्या मॅडम कुठंतरी."

मी मात्र हसले. घरी येऊन म्हटलं, "शाळेतली बिनमिठाची चांगली लागते, अन् माह्याच हातचं तेवढं फिकं?"

ते चिडतील असं वाटलं होतं. ते पलंगावर बसले. "मले चवच समजत नाई," ते म्हणाले. "लय दिवस झाले. तोंड सुकून राहते नुसतं. पोरायले तसंच खाऊ घातलं मी." आणि रडायला लागले. सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहत होते.

"उद्याच दवाखान्यात जाऊ," मी म्हणाले.

"शाळेची तपासणी होऊन जाऊ दे. आठ दिवसाचा तर प्रश्न आहे."

माझंही ऑफिसात ऑडिट चालू होतं. मी बरं म्हटलं. चमचाभर मिठावरून भांडणारी मी, त्या दिवशी भांडले नाही. त्याचा मला अजून राग येतो.

तपासणीच्या आदल्या दिवशी ते शाळेच्या व्हरांड्यात कोसळले. वर्ध्याला नेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर मला एकेक विचारत होते. झोप कशी होती? चिडचिड होती का? डोक्यावर कामाचं फार होतं का? किती दिवसांपासून? मला सगळं माहीत होतं, मी भराभरा सांगत गेले. मग त्यांनी विचारलं, "जेवणात मीठ कितपत असायचं?"

शाळा अजून चालू आहे. दुसरे गुरुजी आले आहेत, तेही टाकीवर चढतात म्हणे.

मी आता लांब रजेवर आहे. दुपारी बिनमिठाची मऊ खिचडी करते आणि त्यांच्या उशाशी बसते. पहिला चमचा तोंडाजवळ नेला की ते ओठ घट्ट मिटतात आणि डाव्या हाताने माझं मनगट माझ्याकडे वळवतात. आधी तू. पहिले काही दिवस मला समजलंच नव्हतं, मी त्यांच्यावर ओरडलेसुद्धा.

आता मी आधी खाते. घशाखाली उतरत नाही इतकी फिकी असते. ते माझ्या तोंडाकडे बघत असतात.

"चांगली आहे," मी म्हणते.

मग ते तोंड उघडतात.