कुंडलिकचे कान

डोंबिवली पूर्वेला आमच्या चाळीत कुंडलिक गमरेच्या कानांची अशी कीर्ती होती, की त्याच्या दारावरून जाताना बायका कुजबूज थांबवायच्या. झाडाच्या शेंड्यावरचा एवढासा पक्षी ज्याला नुसत्या आवाजावरून कळतो, त्याला आपल्या सासवांची निंदा ऐकू जाणार नाही होय? त्याची बायको मंजुळावहिनी नवऱ्याशी बोलायची ती कायम समोर येऊन, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून. चाळ म्हणायची, लग्नाला वीस वर्षं झाली तरी काय हे प्रेम! प्रेम होतंच, खोटं कशाला बोला. पण खरी गोष्ट अशी, की कुंडलिकचे दोन्ही कान साफ गेलेले होते आणि तो बायकोचे ओठ वाचत होता.

एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो बॉयलरवर होता. बॉयलरला लागून कॉम्प्रेसर. तो सुरू झाला की छातीतलं काळीजसुद्धा त्याच्या ठेक्यावर चालायचं. तिथे तोंडाने बोलण्यात अर्थ नव्हता, म्हणून कामगारांनी हातांची भाषा करून ठेवली होती. दोन बोटं फिरवली की व्हॉल्व्ह बंद कर. तळहात कपाळावर आला की साहेब येतोय. मूठ छातीवर दाबली की प्रेशर वाढलंय. कुंडलिकचा जोडीदार बाळकुमचा चंदू कोळी. कुंडलिकचे कान उणे होत गेले ते पहिल्यांदा त्यालाच कळलं आणि तो कुणाला बोलला नाही. बॉयलरची शिट्टी झाली की चंदू हात करायचा, कुंडलिक धावायचा. दोघांत मिळून कान दोन, पण काम चोख.

पक्ष्यांचा नाद कुंडलिकला कान होते तेव्हापासूनचा. आबा दामले म्हणून निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, त्यांच्याबरोबर रविवारी खाडीवर जायचा. ऐकू येईनासं झालं तेव्हा त्याने जाणं बंद करायचं ठरवलं, तर चंदूने ते होऊ दिलं नाही. स्वतः यायला लागला आणि कारखान्यातल्या खुणा पक्ष्यांना वाटून टाकल्या. व्हॉल्व्ह म्हणजे तांबट. साहेब म्हणजे दयाळ. छातीवर मूठ म्हणजे भारद्वाज, कारण त्याचा तो हुप हुप घुमारा छातीतूनच येतो. चंदू ऐकायचा, खूण करायचा. कुंडलिक डोळे मिटून, मान कलती करून एखाद्या बुवासारखा जाहीर करायचा, "दयाळ." आबा धन्य व्हायचे.

हसण्यासारखंच आहे. पण त्यात कुंडलिकची भाकरी अडकलेली होती. कंपनीत आदल्या तपासणीत दुसऱ्या दोघा कामगारांचे कान गेलेले निघाले आणि दोघेही घरी बसले. बॉयलरवरच्या माणसाला ऐकू यायलाच हवं, असा नियम. कान कुणी घालवले याबद्दल नियमात काही नव्हतं. कुंडलिकची पाळी आली तेव्हा पर्सोनेलचे कारखानीस साहेब हसून म्हणाले, "गमरेचे कान काय तपासायचे? तो पक्षी ऐकतो." झाली तपासणी.

अशात चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ती शर्यत आली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत ठाणे ते कल्याण ज्या संघाला जास्त जातींचे पक्षी मिळतील तो जिंकला. प्रत्येक पक्ष्यामागे कंपन्या देणगी देणार आणि ती जाणार मूकबधिर मुलांच्या शाळेला. बहिऱ्यांच्या मदतीला बहिरा धावला, ही चाळीची कोटी नंतरची. तेव्हा आम्हाला तरी कुठे माहीत होतं! नियम एकच, संघातल्या दोघांनी पाहिला किंवा ऐकला तरच पक्षी धरायचा. कुंडलिक, चंदू आणि आबा असा संघ झाला, कारखानीस साहेबांनी त्यांना कंपनीच्या नावाच्या टोप्या दिल्या आणि गमरे आपल्या कंपनीचा कान आहे, असं चारचौघांत सांगून ठेवलं. म्हणजे त्या दिवशी कान शाबूत राहणं भागच होतं.

सकाळ झकास गेली. कल्याणच्या खाडीवर शेकाटे, तुतवार, खंड्या डोळ्यांनीच मिळाले. झाडीतले चंदूच्या हातांनी दिले. चंदू मात्र सारखा घाम पुसत होता. थंडीत कसला घाम, असं कुंडलिकने विचारलं, तर रात्रपाळीचं जागरण म्हणाला आणि वर, तू तुझे कान सांभाळ, असा टोमणा मारला.

दुपारी रिक्षाने बाळकुमला आले. ओहोटी लागलेली. आबांचे गुडघे बोलायला लागले म्हणून ते रस्त्यावर रिक्षापाशी राहिले. कुंडलिक बांधावर दुर्बीण लावून उभा राहिला. चंदूच्या गावची खाडी, तो पुढे चिखलातल्या तिवरांच्या झाडीच्या कडेने गेला.

थोड्या वेळाने कुंडलिकने दुर्बीण खाली केली, तर लांबवर चंदू वळून उभा. मूठ छातीवर. कुंडलिक खूश झाला. सकाळपासून भारद्वाज मिळाला नव्हता. त्याने मागे वळून रस्त्याकडे हाळी दिली, "भारद्वाज!" आबांनी पेन्सिल हलवली. पुन्हा पुढे बघतो तो चंदू खाली बसलेला, मूठ अजून तिथेच, तोंड उघडं. कुंडलिकला वाटलं, गडी हसतोय. त्याने हात वर करून दाखवलं, कळलं रे, मिळाला.

मग चंदू दिसेना. पक्ष्यामागे तिवरांत शिरला असेल म्हणून कुंडलिक आणखी थोडा थांबला. तो जाऊन पोहोचला तेव्हा चंदू चिखलात कुशीवर पडलेला होता. आबांना हाका मारून, दोघांनी उचलून त्याला रिक्षात घातलं, ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. ते वाचायला ओठांची गरज नव्हती.

पलीकडच्या काठाला कालवं-शिंपल्या काढणारी जनाबाई होती. तिने गावात सांगितलं की चंदूने कुंडलिकच्या नावाने साद घातली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. लांब रस्त्यावर आबांपर्यंत ती पोचली नव्हती. पक्षीवाले एकमेकांना ओरडतातच, म्हणून तिने लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाळकुमला चंदूच्या घरी माणसं जमली. चाळीतले आम्ही चारपाच जण कुंडलिकबरोबर गेलो होतो. कारखानीस साहेब कंपनीच्या गाडीतून आले. चंदूची बायको चंद्रभागा जनाबाईचंच धरून बसली होती, की माझा माणूस ओरडत ओरडत गेला. साहेबांना तिची दया आली असावी. ते समजावून म्हणाले, "बाई, त्याने हाक मारलीच नसणार. एका क्षणात गेला तो, त्रास झाला नाही. मारली असती तर या गमरेने ऐकली नसती का? याचे कान तुम्हाला माहीत नाहीत."

कुंडलिक साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. सगळं त्याला समजलं. नुसतं गप्प बसायचं होतं. नोकरी राहिली असती, बाईच्या जिवाला थंडावा मिळाला असता, जनाबाई काय, म्हातारी, खोटी ठरली असती.

चंद्रभागा त्याच्याकडे वळली. "तूच सांग भाऊ. साद घातली व्हती का यांनी?"

"घातली असणार, वहिनी," कुंडलिक म्हणाला. "जनाबाई सांगते तर घातलीच. मला ऐकू येत नाही. कितीतरी वर्षं झाली, तोच माझे कान होता. त्याने छातीवर मूठ दाखवली, मला वाटलं भारद्वाज."

साहेब आधी हसले. दुःखात माणूस काहीही बोलतो. मग उठून त्याच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "गमरे, उद्या मला केबिनमध्ये भेटा." कुंडलिक समोर बघत राहिला. साहेबांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. घरातले सगळे कुंडलिककडे बघायला लागले, तरी तो वळला नाही. त्याची तपासणी तिथे कोळीवाड्यात झाली.

आता तो घरी असतो. मंजुळावहिनी चार घरचे डबे करते, तो पोचवतो.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी चंद्रभागाने पदरात तोंड घेतलं आणि आतून काही बोलली. कुंडलिकला ओठ दिसले नाहीत. बाकी आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ती म्हणाली, "माझ्या माणसानं इतकी वर्षं तुझे कान वागवले, नि तुला त्याची एक साद ऐकता नाय आली."

परतीच्या वाटेवर कुंडलिकने एकेकाला गाठून विचारलं, वहिनी काय म्हणाली? आम्ही सांगितलं, रडत होती, काही कळलं नाही. तो अजून विचारतो. कुणाच्या आमटीत मीठ जास्त पडलं ते संध्याकाळच्या आत शेवटच्या खोलीपर्यंत पोचवणारी आमची चाळ, पण एवढं एक अजून कुणी त्याच्यासमोर उभं राहून बोललेलं नाही.