चूल एक, सुपारी एक

आमच्या मराठी मंडळाचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. एसीच्या पाइपखाली बादली ठेवतात ना, तसे ते आपोआप साचतात. चेन्नईत एसी बारा महिने चालतो आणि आमच्या मंडळातले ज्येष्ठ नागरिक त्याहून जास्त. बादली भरलीय. ओततेय.

आधी थोडं समजून घ्या. मी केतकी. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. मंडळात माझी ओळख अजून "ती, कॉलेज सोडलेली" अशीच करून देतात, तीही मी समोर उभी असताना. अड्यारमधल्या एका छोट्या केबल चॅनेलमध्ये कॅमेरा आणि एडिटिंग करते. छोटं म्हणजे, आमच्या चार गल्ल्या सोडल्या की चॅनेल संपतं.

यंदा मंडळाच्या अध्यक्षपदाला दोन उमेदवार होते. एक त्र्यंबकराव, आम्हा पोरांचे 'मामा'. तंजावरकडचं जुनं घराणं, मला कळायला लागल्यापासून तेच अध्यक्ष. दुसरे काळेकाका. मूळचे नगरचे, इथल्या डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले.

आमच्याकडे मतदान सुपारीनं होतं. हसू नका. दर घराला एक अख्खी सुपारी मिळते. घरचा कर्ता पुरुष पडद्यामागे जातो आणि दोन तांब्यांपैकी एकात ती टाकतो. तंजावरकडच्या मंडळींची जुनी पद्धत. घरात माणसं कितीही असोत, सुपारी एकच. म्हणजे मला मत नाही, आईलाही नाही. आमच्या घरची सुपारी बाबांच्या मुठीत.

काळेकाकांचं म्हणणं, प्रत्येक सज्ञान माणसाला एक सुपारी द्या. त्र्यंबकरावांचं म्हणणं, "घर एक, चूल एक, सुपारी एक." अख्खी निवडणूक या एकाच मुद्द्यावर होती.

*

दोघांची डिबेट टीव्हीवर दाखवायची आयडिया माझी. आमचा बॉस सेल्वम अण्णा लगेच हो म्हणाला, कारण रविवारी सकाळी भजन आणि साड्यांची जाहिरात यांच्या मध्ये त्याच्याकडे एक तास रिकामा होता.

मंडळाची अट एकच होती, फक्त मराठीत बोलायचं. काळेकाकांचं मराठी पेपरातल्या अग्रलेखासारखं. त्र्यंबकरावांचं तंजावरचं, जुनं, तमिळ हेल काढून, बाईला 'मा' आणि पुरुषाला 'पा' लावून बोललेलं. काळेकाका दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "आपण काय म्हणालात ते कळलं नाही." कळलेलं असायचं. मुद्दाम.

शेवटी त्र्यंबकरावांचं टाळकं सटकलं. त्यांनी तमिळमध्ये सुरुवात केली. काळेकाकांनी तमिळमध्येच उत्तर दिलं, तेही फॅक्टरीच्या शॉप फ्लोअरवरचं, जे घरात बोलत नाहीत. पुढची दहा मिनिटं दोघं असे काही भांडले की एकमेकांचा शब्दन् शब्द दोघांना समजला.

सेल्वम अण्णा कानात म्हणाला, "तुमची मराठी फार सोपी आहे, मला सगळं कळतंय."

*

मी कॅमेऱ्यामागून एक प्रश्न विचारला. "तुमच्या स्वतःच्या घरची सुपारी कुठं टाकायची, हे कोण ठरवतं?"

काळेकाका म्हणाले, "आमच्याकडे लोकशाही आहे. मी आणि ही, आम्ही चर्चा करून ठरवतो."

पहिल्या रांगेतल्या काळेकाकू हसल्या. आवाज नाही, नुसता पदर तोंडाला आणि खांदे हलताहेत. मी कॅमेरा तिकडे वळवला आणि चांगला वेळ तिथंच ठेवला.

त्र्यंबकराव म्हणाले, "मीच ठरवतों. त्यांत लपवायचं काय, मा?"

झाली पंचाईत. ज्याचा विचार बरोबर तो धडधडीत खोटं बोलला, आणि जो खरं बोलला त्याचा विचार पणजोबांच्या काळातला. मला दोघांचाही सारखाच राग आला. पण माझ्या रागाला सुपारी कुठं होती?

*

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये साठेकाकू भेटल्या. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात.

"काय काकू, कोण आवडलं?"

"त्र्यंबकराव आवडतात, पण त्यांचं म्हणणं नाही पटत. काळ्यांचं म्हणणं पटतं, पण माणूस नाही आवडत." मग म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वेळी अगदी असंच झालं होतं."

"मग काय केलंत?"

"केलं की लग्न."

लिफ्ट उघडली. दारात साठेकाका पिशव्या घेऊन उभे. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या, आणि त्यांनी दोनदा विचारलं, "अगं, काय झालं?"

*

चॅनेल गल्लीभर दिसतं, हे मंडळी विसरली होती. आमच्या घरमालकांची आई, तमिळ पाटी, म्हणजे आजी, खाली राहते. तिनं डिबेट पूर्ण बघितली. मराठी भाग जास्त मन लावून बघितला.

मला थांबवून म्हणाली, "तो चष्मेवाला नको. दुसरा बोलत असला की हा पाणी पितो. म्हणजे ऐकत नाही." चष्मेवाले म्हणजे काळेकाका. मग विचारलं, "मतदान कधी?"

"पाटी, तुम्हाला मत नाहीये."

"का? मी टीव्हीवर बघितलं ना."

"मी तर शूट केलं. मलाही नाही."

पाटीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमच्यातले पुरुष आमच्यातल्यांसारखेच आहेत की." एवढ्या वर्षांत राष्ट्रीय एकात्मतेवर ऐकलेलं हे सर्वात प्रामाणिक वाक्य.

*

गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात काम करणारी चार पोरं आहेत. सोलापूर, लातूर, कुठून कुठून आलेली. एका खोलीत राहतात. फोनवर डिबेटची क्लिप बघून त्यांना चेव आला आणि ती सुपारी मागायला मंडळात आली. प्रणव नावाचा पोरगा पुढं होता.

त्र्यंबकरावांनी विचारलं, "स्वयंपाक कोण करतो?"

"कोणी नाही. मेसमध्ये खातो."

"चूल नाहीं, तर घर नाहीं. घर नाहीं, तर सुपारी नाहीं."

मी तिथंच होते. मी म्हणाले, "मामा, हा मूर्खपणा आहे." मंडळाच्या इतिहासात त्यांना कुणी असं म्हटलं नसावं. ते शांतपणे म्हणाले, "असेल. पण नियम आहे."

चार दिवसांनी पोरं परत आली. बरोबर इंडक्शनची शेगडी, कुकर, आणि कुकरमध्ये खिचडी. खालून करपलेली.

त्र्यंबकरावांनी झाकण काढलं, वास घेतला, बोटानं चाटून बघितलं. "चूल आहे," म्हणाले. "सुपारी द्या ह्यांस. मीठहि द्या."

काळेकाकांनी तेव्हाच आक्षेप घेतला की इंडक्शनला चूल म्हणता येणार नाही. आता बोला.

*

आमच्या घरी वेगळं नाट्य. मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून बाबांनी मला एक प्रश्न विचारलेला नाही. बोलतात. "गिझर बंद कर", "तुझं कुरिअर आलंय". पण प्रश्न नाही. "तुला काय वाटतं" तर नाहीच. मत विचारण्यालायक असावं लागतं, आणि ते मी बहुतेक सहाव्या सेमिस्टरमध्ये गमावलं.

डिबेटचं रिपीट टेलिकास्ट लागलं होतं. आई काळेकाकांच्या बाजूची. "माणूस कसाही असो, मला सुपारी देतोय ना?"

बाबा बँकेतले. नियम म्हटलं की त्यांचा ऊर भरून येतो. "त्र्यंबकराव निदान जे आहे ते बोलतात."

"खरं बोलून आम्हाला कटवतात," मी म्हणाले. "काळेकाका खोटं बोलून आत घेतात. तुमच्या पिढीत तिसरा प्रकारच नाही का?"

आईनं डोळे वटारले. बाबा टीव्हीकडे बघत राहिले. पडद्यावर काळेकाकूंचे खांदे हलत होते. बाबांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, "हे तू मुद्दाम दाखवलंस?"

मी "हो" म्हणेपर्यंत मला कळलंच नाही की हा प्रश्न होता.

*

मतदानाचा रविवार. हॉलच्या दाराशी रुक्माअक्का, म्हणजे त्र्यंबकरावांची बायको, पानाचं तबक घेऊन बसलेल्या. येणाऱ्याला विडा द्यायचं काम दर वेळी त्यांच्याकडेच असतं. मांडीवर पितळी अडकित्ता.

बाबांनी टेबलावरून आमच्या घरची सुपारी घेतली. पडद्याकडे निघाले. अर्ध्या वाटेवर थांबले. परत दाराशी आले.

"अक्का, अडकित्ता देता जरा?"

अक्कांना वाटलं, पान हवंय. त्यांनी दिला. बाबांनी सुपारी अडकित्त्यात धरली आणि कट्. मग पुन्हा कट्. तीन तुकडे. एक आईच्या हातावर ठेवला, एक माझ्या. माझा जरा मोठा होता.

"काय बघतेस?" बाबा म्हणाले. "तुला काय वाटतं ते कर. मागं लाइन आहे."

मागच्या साठेकाकूंनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी नवऱ्यापुढे नुसता तळहात केला. साठेकाकांनी या वेळी काही विचारलं नाही, सुपारी दिली. मग गुम्मिडिपूंडीची चार पोरं. मग काळेकाकू. काका बाहेर कुणाला तरी लोकशाही समजावत होते, त्यांच्या मुठीतून काकूंनी सुपारी अलगद काढून घेतली. लाइनभर कट् कट् चाललं. अक्कांनी अडकित्ता कुणाला दिलाच नाही मग, स्वतःच फोडून देत होत्या.

"येवढीं वर्षं पान खाल्लं," त्या मला म्हणाल्या, "पण हें सुचलं नाहीं बघ."

संध्याकाळी दोन्ही तांबे टेबलावर उपडे केले. अख्ख्या सुपाऱ्या थोड्या. बाकी अर्धुकं, पाव, तुकडे आणि तळाशी चक्क भुगा.

काळेकाका ताडकन उठले. "हे सगळं बाद! एका घराला एक सुपारी. नियम म्हणजे नियम."

सगळ्यांनी त्र्यंबकरावांकडे बघितलं. मी कॅमेरा सुरू ठेवला होता. त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला, मग दाराशी बसलेल्या अक्कांकडे बघितलं. अक्का अडकित्ता पदरानं पुसत होत्या.

"सुपारी घरास दिली," त्र्यंबकराव म्हणाले. "घरानं फोडली. फोडूं नये म्हणून नियमांत कोठें आहे?"

मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अरे पा, मोदकाचं पीठ मोजायचा तराजू आण रे."