चॅप्टर केसमधला डूख

माझ्या आईवडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर, मुक्काम दुसऱ्याच्या वावरात. माझी शाळा मामाच्या घरी, अर्धपोटी झाली. घरातली पहिली पदवी माझी, वकिलीची सनदही माझीच. हे मी दबून सांगत नाही.

मारुतीमामा सख्खे मामा नव्हेत, पण आमच्यातलेच, पालीजवळच्या वस्तीवरचे. बीडला माझ्या ऑफिसात आले तेव्हा डोळा काळानिळा होता. आबा म्हणजे गावचे मोठे जमीनदार. त्यांच्या माणसांनी मामांना धरणाच्या वाटेवर तुडवलं होतं. मामांची मुलगी अनिता मध्ये पडली. आता पोलिसांनी दोन्हीकडच्यांवर चॅप्टर केस केली होती, त्यात अनिताचंही नाव.

चॅप्टर म्हणजे पुढे भांडण होऊ नये म्हणून तहसीलदार चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घेतात. शिक्षा नाही. पण अनिता पोलीस भरतीत मैदानी आणि लेखी दोन्ही पास झाली होती. चारित्र्य पडताळणी तेवढी राहिली होती. चॅप्टरमध्ये नाव राहिलं की निवड अडकणार.

पोलिसांच्या रिपोर्टात कारण दिलं होतं, ‘उभयतांत पूर्ववैमनस्य’. मी जमादारांना विचारलं, मामांनी काय केलं ते दाखवा. ते म्हणाले, “मॅडम, दोन्हीकडची नावं घालायची पद्धत हाय. सही करून टाका, मिटलं.”

माझं डोकं फिरलं. मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत. वैमनस्याला दोघं लागतात. इथं होता तो डूख. राग येतो आणि उतरतो. डूख माणूस धरतो, नागानं धरावा तसा, आणि समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो. मामांना नव्हता. का मारलं, म्हणून विचारलं तर त्यांना बराच वेळ आठवावं लागलं.

आमच्याकडे शेतकरी खतासाठी वावरात मेंढरं बसवून घेतात. रात्रभर कळप बसला की लेंड्या-मुतानं जमीन सुधारते. फार मागे एका साली आबांचा सांगावा आला होता. मामांनी आधीच एका विधवेला शब्द दिला होता. ते तिच्या पट्टीत गेले. बस, एवढंच.

तहसीलदारांपुढे आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. आमचं कुणाशी वैर नाही, ही पोरगीच उद्धट आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला ‘मेंढक्याची वकिलीण’ म्हणून झालं. त्यांची माणसं हसली. हा माणूस पुराव्यानं बोलणार नव्हता, अपमानानं बोलला असता.

मी म्हटलं, “आबा, एका रात्रीच्या लेंड्यांसाठी कुणी माणूस तुडवतं का? ट्रॅक्टरभर शेणखत घ्यायचं होतं.”

“लेंड्यांचा सवाल न्हाई,” आबांचा आवाज चढला. “माझा सांगावा गेलता. गावादेखत माझं वावर सोडून त्या बाईच्या पट्टीत बसला ह्यो. मी इसरलो न्हाई. मरस्तोवर इसरणार न्हाई.”

त्यांचा वकील त्यांची बाही ओढत होता.

तहसीलदारांनी मामांकडे पाहिलं. मामा हात जोडून म्हणाले, “सायेब, पुढल्या साली ह्यांच्याच वावरात बसवली हुती की मेंढरं. पैसाबी घेतला न्हाई.”

“पुढल्या साली,” आबा म्हणाले. “आधी न्हाई.”

तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं. जमादारांना विचारलं की ह्यात मारुतीचं वैमनस्य कुठं आहे. मामा आणि अनिता यांच्यावरची कारवाई त्यांनी तिथंच बंद केली. बाँड आबांकडून आणि त्यांच्या माणसांकडून घेतला.

आबांचा डूख बाँडनं सुटला, असं मी म्हणणार नाही. आता त्यांच्या यादीत मीही असेन. असू दे. पण एकाचा डूख दोघांच्या नावावर लिहायची ती पद्धत ज्यानं पाडली, त्याच्यावरचा माझा राग काही उतरलेला नाही.

अनिताची पडताळणी साफ निघाली. ती आज पोलीस शिपाई आहे.